विरुंगा ज्वालामुखी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांगो, रवांडा आणि युगांडा यांच्या सीमा जिथे भेटतात, तिथे विरुंगाचे आठ मोठे ज्वालामुखी उभे आहेत. 'इबिरुंगा' म्हणजे तिथल्या किन्यारवांडा भाषेत ज्वालामुखीच. गोरिला पाहायला जाणारे प्रवासी, त्या भागात कामानिमित्त राहणारे आणि भूगोलाचे विद्यार्थी या डोंगरांबद्दल जे विचारतात, ते खाली एकत्र केलं आहे.

आठ ज्वालामुखी कोणते? सगळे जिवंत आहेत का?

पश्चिमेकडून सुरुवात केली तर आधी न्यामुरागिरा (३,०५८ मीटर) आणि न्यिरागोंगो (३,४७० मीटर) लागतात. वारंवार पेटणारे हे दोनच, आणि दोन्ही कांगोत. मधल्या गटात मिकेनो (४,४३७ मीटर), सगळ्यांत उंच करिसिंबी (४,५०७ मीटर) आणि बिसोके (३,७११ मीटर). पूर्वेला सबिन्यो, गहिंगा आणि मुहाबुरा.

मिकेनो आणि सबिन्यो फार जुने. पावसाने त्यांची इतकी झीज केली आहे की मूळचा शंकू आता ओळखू येत नाही. सबिन्योची दातेरी शिखरं लांबून पाहिली की नाव का पडलं ते कळतं: त्याचा अर्थ दातांशी जोडलेला आहे. बिसोकेच्या शिखरावर आज शांत तळं आहे, पण १९५७ च्या ऑगस्टमध्ये शिखरापासून ११ किलोमीटरवर उत्तरेला जमीन फाटून दोन-तीन दिवस लाव्हा आला होता. म्हणून बिसोकेला 'मेलेला' म्हणू नये. शिखर शांत आहे एवढंच म्हणावं. विरुंगात शिखरापेक्षा पायथ्याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

ज्वालामुखी नेमके इथेच का?

पूर्व आफ्रिका हळूहळू दुभंगते आहे. तिच्या पश्चिमेकडच्या खचदरीत विरुंगा बसला आहे. दरीच्या दोन्ही कडा वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर एकमेकींपासून दूर सरकतात. हा वेग नखं वाढण्याच्या वेगाहूनही कितीतरी कमी. पण कवच ताणलं जातं, पातळ होतं, त्याला भेगा पडतात आणि खालचा शिलारस, म्हणजे मॅग्मा, त्या भेगांतून वर सरकतो.

याच लाव्हाने भूगोलही बदलला. पूर्वी या दरीतलं पाणी उत्तरेला, नाईल नदीच्या बाजूला वाहत असे. विरुंगाच्या लाव्हाने दरीत आडवा बांध घातला, पाणी तुंबलं आणि किवू सरोवर आजच्या आकाराला आलं. आता ते रुझिझी नदीतून उलट्या दिशेने, दक्षिणेकडे टांगानिका सरोवरात उतरतं.

न्यिरागोंगोचा लाव्हा इतका वेगाने कसा धावतो?

कारण तो पातळ आहे. लाव्हाचा दाटपणा मुख्यतः त्यातल्या सिलिकावर, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकावर ठरतो. सिलिकाच्या साखळ्या जितक्या जास्त, तितका पाक घट्ट. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात सिलिका ४८ ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. न्यिरागोंगोच्या लाव्हात ती ४० टक्के किंवा त्याहूनही कमी भरते. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण भरपूर, त्यामुळे साखळ्या आणखी तुटतात. अशा खडकाला नेफेलिनाइट म्हणतात, आणि जगातल्या फार थोड्या चालू ज्वालामुखींतून तो बाहेर पडतो.

दुसरं कारण उताराचं. न्यिरागोंगोच्या बाजू तीव्र उताराच्या आहेत. १९७७ मध्ये वरच्या उतारावर लाव्हा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावल्याचे अंदाज आहेत. तो इतका पातळ होता की काही ठिकाणी झाडांच्या बुंध्यांना खडकाचा जेमतेम लेप चढला आणि बाकीचा लोंढा पुढे निघून गेला. हत्तींचा एक कळप त्यात सापडला. लाव्हा गोठल्यावर त्यांच्या देहांचे पोकळ साचे मागे राहिले होते.

मात्र हा वेग कायम टिकत नाही. सपाटीवर येईतो लाव्हा थंडावतो, जाड होतो आणि मंदावतो. २००२ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी, किवू सरोवराच्या काठावर वसलेल्या कांगोतल्या गोमा शहराच्या रस्त्यांवरून तो सरकत होता तो माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू. त्यामुळेच लाखो लोक पायी निघून जाऊ शकले.

'लाव्हाचं तळं रिकामं झालं' म्हणजे काय झालं?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरलेली आहे आणि खाली तळमजल्यावर नळ फुटला. पाणी वरून ओसंडत नाही, खालून जोरात सुटतं.

न्यिरागोंगोच्या माथ्यावर सव्वा किलोमीटर रुंदीचं विवर आहे आणि त्यात बराच काळ वितळलेल्या लाव्हाचं तळं असतं. ते काठोकाठ भरून वाहिलं तर संकट येईल अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात १९७७, २००२ आणि २०२१ च्या तिन्ही मोठ्या उद्रेकांत काठ ओलांडून काही आलं नाही. दरी ताणल्यामुळे किंवा आतल्या दाबाने डोंगराच्या कुशीला उभ्या भेगा पडल्या, आणि वरचा सगळा साठा स्वतःच्या वजनाने त्यांतून निघाला. तळ्याची पातळी जितकी उंच, तितका खालच्या भेगेवर दाब जास्त. म्हणून तळ्याची उंची मोजत राहणं हे गोम्यातल्या वेधशाळेचं रोजचं काम होतं.

१९७७, २००२ आणि २०२१ मध्ये काय घडलं?

१० जानेवारी १९७७: कित्येक दशकं टिकून असलेलं तळं तासाभराच्या आत रिकामं झालं. मृतांच्या आकड्यावर एकमत नाही. सरकारी आकडा ७० च्या आसपास, इतर अंदाज कित्येकशेपर्यंत जातात. वस्ती तेव्हा विरळ होती.

१७ जानेवारी २००२: दक्षिण उतारावर भेगांची रांग उघडली आणि ती जवळजवळ शहराच्या वेशीपर्यंत आली. लाव्हाने गोम्याचा सुमारे १३ टक्के भाग गिळला, विमानतळाच्या धावपट्टीचा उत्तरेकडचा भाग झाकला आणि शहर चिरत सरोवर गाठलं. सुमारे सव्वा लाख लोक बेघर झाले, तीन लाखांहून अधिक बाहेर पडले. शंभरावर मृत्यू झाले आणि त्यांतले बरेच लाव्हाखाली नव्हे. लाव्हाने वेढलेल्या पेट्रोल पंपावर लोक इंधन काढून नेत असताना स्फोट झाला, त्यात कित्येक जण दगावले.

२२ मे २०२१, शनिवारची संध्याकाळ: पुन्हा भेगा. गोमा-रुत्शुरू महामार्ग तुटला, हजारो घरं गेली, आणि लाव्हा विमानतळाच्या अलीकडे, वेशीवरच्या वस्तीत थांबला. सुमारे ३० जण दगावले. त्यात पळापळीतल्या वाहन अपघाताचे बळी होते, आणि नंतर गरम लाव्हावरून चालत पलीकडे जाऊ पाहणारेही होते.

खरी धाकधूक त्यानंतरची. लाव्हा थांबला, पण जमिनीखालचा शिलारस थांबला नाही. तो गोम्याच्या पायाखालून सरोवराच्या तळाकडे सरकत गेला. शेकडो भूकंप झाले, रस्त्यांना आणि भिंतींना तडे गेले. २७ मे रोजी शहराच्या १८ पैकी १० वस्त्या रिकाम्या करायचा आदेश निघाला आणि सुमारे चार लाख लोक हलले. शिलारस शेवटी वर आला नाही. जूनमध्ये टप्प्याटप्प्याने परतीची मुभा मिळाली.

पूर्वसूचना किती वेळ आधी मिळते?

यावर एक ठाम आकडा देता येत नाही. २००२ च्या आधी कित्येक महिने खुणा दिसत होत्या: जाणवणारे भूकंप, उतारावर नव्याने वाफा सोडणाऱ्या भेगा, गरम झालेली जमीन. २०२१ मध्ये भूकंपमापकांवर ओळखू येणारी खूण उद्रेकाच्या आधी तासाभराच्या आतच उमटली.

असं का होतं? एरवी ज्वालामुखी जागा होताना शिलारसाला खोलवरून खडक फोडत वर यावं लागतं, आणि त्या फोडण्याचा 'आवाज' भूकंपमापक आठवडे-महिने आधी टिपतात. न्यिरागोंगोत शिलारस आधीच वर येऊन बसलेला असतो, विवरात उघडा. डोंगराची कूस तडकायला फार वेळ लागत नाही. म्हणजे नेहमीची पद्धत इथे तोकडी पडते, आणि 'काही झालं तर कळवतीलच' या भरवशावर राहणं चूक आहे.

१९८६ मध्ये स्थापन झालेली गोमा ज्वालामुखी वेधशाळा हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल अशा चार रंगांत धोक्याची पातळी जाहीर करते. अडचण अशी की पिवळा रंग वर्षानुवर्षं कायम राहिला, तर लोकांना तोच नेहमीचा वाटू लागतो. पिवळा दिसला की निदान आपला बाहेर पडायचा रस्ता ठरवून ठेवावा.

न्यामुरागिरा जास्त वेळा फुटतो, मग त्याची चर्चा कमी का?

कारण त्याच्या पायथ्याशी शहर नाही. १८८५ पासून चाळीसहून अधिक उद्रेक नोंदले गेलेला हा पसरट, ढालीसारखा डोंगर आहे. लाव्हा बहुतेक वेळा अभयारण्याच्या जंगलातच जिरतो. १९३८-४० चा उद्रेक अपवाद. तो लाव्हा थेट किवूपर्यंत पोचला होता. न्यामुरागिराचा त्रास एरवी हवेतून येतो. सल्फर डायऑक्साइडचे प्रचंड लोट उठतात, आम्लपाऊस पिकं करपवतो, आणि काचेच्या केसांसारखे लाव्हाचे तंतू गवतावर पडतात. ते गवत खाल्लेल्या गुरांच्या आतड्यांना इजा होते. अशा वेळी गुरं बांधून, साठवलेल्या चाऱ्यावर ठेवणं हाच उपाय.

'मझुकू' काय असतं? ते कसं ओळखायचं?

मझुकू म्हणजे जमिनीतून झिरपणारा आणि खोलगट जागी साचलेला कार्बन डायऑक्साइड. गोमा आणि साके या गावांच्या परिसरात, सरोवराच्या उत्तर काठाने, अशा जागा आहेत. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. त्याला ना रंग, ना ओळखू येईल असा वास. हवेत त्याचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं की माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो.

पहाट सर्वांत वाईट. वारा पडलेला, जमीन गार, त्यामुळे वायू खळग्यात साठून राहतो. ऊन तापलं, वारा सुटला की तो पांगतो. म्हणून दुपारी निर्धोक वाटलेली जागा सकाळी जीव घेऊ शकते. त्यात आधी सापडतात ती शेळ्या-मेंढ्या आणि लहान मुलं, कारण त्यांची नाकं जमिनीच्या जवळ. उभ्या माणसाला काही होत नाही, आणि तोच माणूस चपलेचा पट्टा लावायला वाकला तर कोसळतो.

ओळखायच्या खुणा: खळग्यात मेलेले किडे, सरडे, पक्षी, मधोमध सुकलेलं आणि कडेला हिरवं गवत. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची पद्धत आहे, ती इथे चालेल का असं मराठी वाचक हमखास विचारतात. कंदील विझला तर जागा घातक आहे हे नक्की. पण तो तेवत राहिला म्हणजे जागा निर्धोक, असं नाही. ज्योत विझण्याआधीच वायू माणसाला भोवळ आणण्याइतका असू शकतो.

कुणी पडलेलं दिसलं तर धावत खाली उतरू नका. वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, अशी रांग लागते. विहिरींतल्या अपघातांत आपण हेच वाचतो. वरून दोर किंवा लांब काठी टाकून ओढा. मोकळ्या, उंच जागी आणा आणि श्वास बंद असेल तर कृत्रिम श्वास सुरू करा. तंबू ठोकायचा तर खळग्यात नको; जमिनीवर झोपायची वेळ आली तर चढावर झोपा.

किवू सरोवराचा स्फोट होऊ शकतो का?

शक्यता खरी आहे, पण उद्या होईल अशी नाही. सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, कमाल खोली ४८० मीटरच्या घरात. खालच्या थरांत अंदाजे ३०० घनकिलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घनकिलोमीटर मिथेन विरघळलेला आहे. खालचं पाणी खारट आणि जड, वरचं गोडं आणि हलकं, म्हणून थर मिसळत नाहीत आणि वायू खाली दाबून राहतो. बंद सोड्याच्या बाटलीसारखं. कॅमेरूनमधल्या न्योस या छोट्याशा सरोवराने २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असा वायू सोडला तेव्हा सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली. किवू त्याच्या कितीतरी पट मोठं आहे आणि त्याच्या काठांवर लाखोंची वस्ती आहे.

दिलासा देणारी बाब ही की खालचं पाणी अजून वायूने पूर्ण भरलेलं नाही. फुगे सुटायला लागतील त्या पातळीच्या निम्म्याच्या आसपासच आहे. २००२ मध्ये लाव्हा सरोवरात शिरला, पण तो वरच्या थरांतच राहिला आणि खोल पाणी ढवळलं नाही. भीती आहे ती सरोवराच्या तळाशीच मोठा उद्रेक होण्याची. २०२१ मध्ये शिलारस सरोवराखाली सरकला तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले ते यामुळे.

रवांडात किबुयेजवळ २६ मेगावॉटचा वीज प्रकल्प याच मिथेनवर चालतो. साधारण ३५० मीटर खोलीवरचं पाणी नळाने वर आणतात. दाब कमी होताच वायू बुडबुड्यांनी सुटतो आणि पुढचं पाणी आपोआप वर खेचलं जातं. मिथेन वेगळा करून उरलेलं पाणी परत खोलवर सोडतात. ते पृष्ठभागावर ओतलं तर थरांची वीण बिघडेल आणि मासे मरतील. म्हणून परतीचा नळ किती खोल ठेवायचा हा या कामातला सर्वांत नाजूक मुद्दा आहे.

पावसाचं पाणी पिता येतं का?

पन्हळीचं पाणी टाकीत साठवणं हीच त्या भागातली रीत, कारण सच्छिद्र लाव्हात पाणी मुरून जातं आणि ओढे-झरे टिकत नाहीत. ज्वालामुखीचा धूर ज्या बाजूला वाहतो तिथल्या पावसात आम्ल आणि फ्लोराइड उतरतं. धूर दाट असतो त्या काळात हे प्रमाण पिण्याच्या मर्यादेबाहेर जातं. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात ते त्याचेच.

उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. राख पडताना पन्हळ टाकीपासून सोडवून ठेवा, टाकीला झाकण घाला, आणि पहिला पाऊस छत धुऊन वाहून जाऊ द्या. पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा, निदान लहान मुलांना तरी.

लाव्हा येतो आहे असं कळलं तर काय करायचं?

आधी दिशा. लाव्हा उताराने वाहतो, म्हणून त्याच्या पुढे धावू नका, आडवे बाजूला व्हा. गोम्यातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्या: पूर्वेला रवांडाची हद्द, पश्चिमेला साके. उत्तरेची वाट डोंगराच्या पायथ्यानेच जाते, ती धरू नका. साकेच्या रस्त्यावर मझुकूच्या जागा आहेत, तेव्हा रात्री थांबायचं तर रस्त्याच्या चढावर.

पिशवीत कागदपत्रं, औषधं, प्यायचं पाणी, विजेरी, ओला करून नाकाला बांधता येईल असं फडकं, आणि बंद बूट. गॅस सिलिंडरची झडप बंद करून निघा. पेट्रोल पंपाजवळ थांबू नका, २००२ चा धडा तोच आहे.

आणि लाव्हा काळा पडला म्हणजे थंड झाला असं समजू नका. त्यावर साय धरते तसं कवच धरतं. हवाईतल्या मोजमापांनुसार पहिल्या दिवसात हे कवच साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर जाड होतं. ते दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो, म्हणजे चार दिवस. खाली लालभडक लगदा असतो, भेगांतून विषारी वायू येत असतो. दीड-दोन मीटर जाडीचा थर आठवडेच्या आठवडे तापलेला राहतो.

इतकं असून लोक तिथे का राहतात?

जमीन सुपीक, सरोवर शेजारी, सीमेवरचा व्यापार, आणि आसपासच्या युद्धांतून पळून आलेल्यांना दुसरी जागा नाही. २००२ चा लाव्हा पुरता निवायच्या आत लोकांनी त्याचे चिरे फोडून घरं बांधायला घेतली. शहराच्या बंदराजवळची गोमा टेकडीसुद्धा जुन्या उद्रेकाचं तोंडच आहे.

या कातळाचा एक परिणाम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९९४ मध्ये रवांडातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि हजारोंनी माणसं मेली, तेव्हा कुदळ-फावड्याने ना शौचखड्डे खणता येत होते, ना कबरी. २०२१ मध्येही लाव्हाने पाण्याची व्यवस्था तोडली आणि सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी मिळेनासं झालं.

गोरिलांना धोका आहे का?

लाव्हाचा फारसा नाही. पर्वतीय गोरिला मिकेनो, करिसिंबी, बिसोके, सबिन्यो, गहिंगा आणि मुहाबुराच्या उतारांवर राहतात; दोन चालू ज्वालामुखींवर नाहीत. २०१५-१६ च्या गणनेत विरुंगात ६०४ मोजले गेले. त्यांना जास्त भय शिकारीचे फासे, युद्ध आणि माणसाकडून लागणाऱ्या सर्दी-खोकल्याचं. म्हणून मास्क लावा आणि सांगितलेलं अंतर पाळा.

सह्याद्रीही लाव्हाचाच ना? मग तोही फुटेल का?

नाही. सह्याद्री हा ज्वालामुखीचा शंकू नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचं ते झिजून उरलेलं पठार आणि त्याची कड आहे. खाली आता शिलारस पुरवणारं काही उरलेलं नाही. साम्य एकाच गोष्टीत: दख्खनचा लाव्हाही एखाद्या उंच शिखरातून उसळलेला नाही, बराचसा लांबच लांब भेगांतून पसरला. उंचीच्या अंदाजासाठी सांगायचं तर किवूचं पाणी समुद्रसपाटीपासून १,४६० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम दोनशे मीटर खाली.

आत्ता जाता येतं का?

न्यिरागोंगोची चढाई किबातीच्या चौकीपासून सुरू होत असे आणि काठावर पोचायला चार ते सहा तास लागत. २०२१ च्या उद्रेकाने ती बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये गोमा बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. त्यामुळे कांगोच्या बाजूने जायचा विचार सोडून द्या. रवांडात मुसांझेहून आणि युगांडात किसोरोहून बाकीचे डोंगर पाहता येतात. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना १,५०० डॉलरचा आहे आणि तो बऱ्याच आधी काढावा लागतो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. युगांडाहून परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात राहावं लागतं.